बोलपट लागला तेव्हा

१९२९ साल. शिकागोतल्या एका थिएटरात एडिथ दर रविवारी जाई. मूकपटातले संवाद सगळ्यांनाच पडद्यावर वाचावे लागत, त्यामुळे तिचं बहिरेपण तिथं कुणाला जाणवत नसे.

आज पहिल्यांदाच बोलपट लागला होता. पडद्यावर अक्षर उमटेना. लोक खदाखदा हसत होते आणि ती त्यांच्या तोंडांकडे बघत होती.

तिचा नवरा क्लेरन्स खुणांनी संवाद सांगू लागला. मागून कुणीतरी खेकसलं, "हात खाली घ्या!"

"राहू दे, तू बघ," तिनं खुणेनंच सांगितलं.

"तुझ्याशिवाय कसला सिनेमा?" असं खुणेनंच म्हणत तो उठलाच.

बाहेर उन्हात त्यानं उरलेली गोष्ट मनानंच रचून हातवारे करत सांगितली. एडिथ पोट धरून हसली. मग तिला दारावरची नवी पाटी दिसली : 'यापुढे फक्त बोलपट.'

ती तिनं दोनदा वाचली.