जोडीला कोण?

यंदा पावसानं पाठ फिरवली, तसा ऊसतोडीला निघणाऱ्यांचा मुकादमानं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. सहा महिने एका फडात राबायचं, तर ओळख असावी म्हणून त्यानं फर्मावलं, "नाव, गाव आन् काय आवडतं, ते बोलून टाका."

बायनाबाईला आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं. शाळेच्या गणवेशातल्या लेकीनं, गोदावरीनं मोबाइलचं बटण दाबून धरलं आणि आई लाजत लाजत बोलली, "मी बायनाबाई, धारूरची. मला हुरडा लई आवडतो. रेडिओवरली गाणी आवडत्यात. आन् किल्ल्यावरून आभाळ भरून येताना बघायला आवडतं."

सगळ्यांनी अंगठे पाठवले. मागोमाग मुकादमाचा आवाज आला, "आक्का, एकटी बाई टोळीत घेता येत न्हाई. कोयता जोडीचा लागतो, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. दाजी तर गेले. आता जोडीला कोण?"

बायनाबाईनं मोबाइल पुन्हा लेकीपुढं धरला. मग लेकीकडं न बघता म्हणाली, "दाब."

गोदावरीनं बटण दाबून धरलं.

"जोडीला माझी लेक हाय, गोदावरी. नववीला व्हती. तिला आवडतं..."

गोदावरीनं बटणावरचं बोट उचललं. बोलणं तेवढंच ग्रुपवर गेलं.