उजळलेल्या काचा

दिनांक ३ मार्च, सायंकाळी सात वाजता जुन्या बाजाररस्त्यावर एकतीस दुकाने होती; त्यांपैकी तीस बंद होती आणि एक उघडे. उघडे होते ते घड्याळे दुरुस्त करणाऱ्या काकांचे. रस्त्यावर पुन्हा वर्दळ यावी म्हणून नगरपालिकेने बंद दुकानांच्या दर्शनी काचांमागे दिवे आणि सजावट करण्यासाठी अनुदान मंजूर केले होते. अशा उजळलेल्या काचांची मोजणी पालिकेतर्फे माझ्याकडे होती.

काकांनी डोळ्यावरचे भिंग न काढताच विचारले, "साहेब, माझ्या काचेमागे कधी दिवा लावताय?"

"काका, तुमचं दुकान चालू आहे. योजना बंद दुकानांसाठी आहे."

"म्हणजे मेल्याशिवाय स्वर्ग दिसायचा नाही म्हणा." ते हसले. "बरं, गिऱ्हाईक तरी पाठवा."

लोक आले. उजळलेल्या काचा पाहत, एकेक कुलूपबंद दार ढकलून बघत ते रस्त्याच्या टोकाकडे सरकत. काकांचे दुकान अगदी शेवटी, टेबलावरच्या एका दिव्यावर चालणारे. तिथवर येईतो इथले सगळे देखाव्यापुरतेच आहे, अशी त्यांची खात्री पटलेली असे. ती अंधारी काच लांबूनच पाहून ते मागे फिरत.

दिनांक ३ सप्टेंबर, सायंकाळी सात वाजता मी पुन्हा मोजणी केली. शेवटच्या काचेमागेही आता पालिकेचा दिवा होता आणि त्याच्या उजेडात काकांचे भिंग सजावटीला मांडले होते. अहवालात मी नोंदवले: उजळलेल्या काचा एकतीस, उद्दिष्टपूर्ती शंभर टक्के.