पुस्तकाचा बॅकअप

"बॅकअप घेतलाय मी," मनमोहनराव म्हणाले. "तू कॉम्प्युटर बिनधास्त उघड."

"पुस्तकाचा पण?" ओवीनं विचारलं.

"त्याचाच तर घेतला."

नात कौतुकानं हसली. आजोबांनी मान वळवून खाली गिरगावच्या रस्त्याकडे पाहिलं. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं, पण नातीच्या डोळ्यांत पाहण्यापेक्षा ते बरं.

गेली सात वर्षं मनमोहनराव रोज सकाळी दहा ते बारा दार लावून माझगाव गोदीतल्या नोकरीच्या आठवणी लिहीत. राजलक्ष्मीबाई शेजारणींना दटावत, "हळू गं, लेखन चाललंय." बाराला ताट वाढताना विचारत, "आज किती पानं?" हे सांगत, "दोन झाली." मग जेवून हे आडवे होत आणि बाई खोलीत जाऊन कॉम्प्युटरवरची धूळ पुसत.

खरं सांगायचं तर सात वर्षांत एक ओळ झाली नव्हती. दाराआड मनमोहनराव पत्ते खेळत. कॉम्प्युटरवरचे, एकट्याचे.

आणि आता रविवारी पंचाहत्तरी. राजलक्ष्मीबाईंनी अख्ख्या वाडीला आवतण दिलेलं: लेखक स्वतः एक प्रकरण वाचणार! मशीन रखडतं म्हणून नातीनं भेटही आणली होती, नवी डिस्क आणि नवी रॅम.

आता एकच वाट होती. जुनी डिस्क जळायला हवी. बॅकअपही त्याच डिस्कवर होता म्हणायचं, झालं. पुस्तक जळालेल्या लेखकाला कोण काय विचारणार?

पण ओवी भलतीच सावध. तिनं कॉम्प्युटर नीट बंद केला, प्लग काढला, मागच्या वायरींचे मोबाईलवर फोटो घेतले, मग चालू करायचं बटण दाबून धरलं.

"आत उरलेली वीज जाऊ दे. आणि आधी लोखंडाला हात लावायचा, आजोबा. अंगातल्या विजेनंसुद्धा पार्ट जळतो. गालिच्यावर तर उभंही राहायचं नाही."

आजोबांचे कान टवकारले. ओवी स्क्रू काढण्यात गुंतली, तशी स्वारी गालिच्यावर चढली आणि पाय घासू लागली. मुंबईच्या घामट हवेत कसली डोंबलाची वीज! पण धाप लागेस्तोवर घासले आणि बोट रोखून उघड्या डिस्कवर झेपावले.

"आजोबा! करताय काय?"

बोट हवेतच राहिलं. मग हळूहळू खाली आलं.

"डिस्क जाळतोय," ते पुटपुटले. "पुस्तक नाहीये गं, ओवी. एक अक्षर नाही. तुझी आजी बिचारी शेजारणींची तोंडं बंद करते आणि मी आत राजा-राणी जुळवत बसतो. सात वर्षं फसवलंय तिला. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

ओवी खो खो हसत सुटली. "विनय पुरे, आजोबा! तुमच्या बॅकअपवर माझा भरवसाच नव्हता. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हाच मी सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवलं. चारशे बारा पानांचं पुस्तक आहे. तुम्हाला न विचारता उघडलं नाही, एवढंच."

"चारशे बारा?"

"हे बघा." तिनं लॅपटॉप पुढे सरकवला.

मनमोहनरावांनी चष्मा चढवला आणि पहिलं वाक्य वाचलं:

'आमचे हे रोज सकाळी दहा ते बारा दार लावून पत्ते खेळतात, त्यामुळे मला लिहायला बसता येतं ते दुपारी, हे घोरायला लागल्यावरच.'