तेरावा गडी

खोलीत मुलं बारा होती आणि पडद्यावर गडी तेरा.

ग्रंथपालबाईंनी पुन्हा मोजले. सहलीच्या बसमध्ये मोजतात तसे, बोट नाचवत, ओठ हलवत. बारा डोकी, बारा खुर्च्या, बारा कॉम्प्युटर. पण मुलांनी सात महिने खपून खेळात जे गाव बांधलं होतं, त्याच्या रहिवाशांच्या यादीत शेवटी एक तेरावं नाव होतं. ढगोबा. बाईंनी त्यावर क्लिक केलं. पिवळ्या टोपीचा एक गडी दगडी खोलीत उभा होता. खोलीला दार नव्हतं, खिडकी नव्हती.

"हा ढगोबा कोण?"

बाराही जण आपापल्या कीबोर्डकडे बघू लागले. एरवी हीच मुलं खोडरबर कुणाचं यावर पाऊण तास बोलत.

ग्रंथालयाचा हा क्लब शनिवारी तीन ते पाच भरायचा. खेळ बंदिस्त, सांकेतिक क्रमांक असेल त्यालाच आत प्रवेश, आणि लक्ष ठेवायला एक मोठं माणूस. ते मोठं माणूस म्हणजे बाई. मुलांवर लक्ष ठेवणं त्यांना जमलं असतं. पालक ठेवू देत नव्हते. एक आई दर शनिवारी फोन करून विचारी, "सहापर्यंत ठेवता येईल का हो?" एका बाबांना खेळण्याचं प्रमाणपत्र हवं होतं. ग्रंथालयाच्या साहेबांना जाहिरातीसाठी फोटो हवे असत, आणि महिन्यातून एकदा ते हमखास बजावत, "एक तक्रार येऊ द्या बाई, त्या खोलीत मी मोडक्या खुर्च्या भरतो."

म्हणून बाईंनी चौदा नियम लिहिले, मोठ्या अक्षरांत छापले आणि भिंतीवर टांगले. पालकांनी न वाचता सह्या केल्या. मुलांची मोजणीही बाई दर शनिवारी न चुकता करत. फक्त ती खुर्च्यांवरची असे. पडद्यावरची आज पहिल्यांदाच झाली.

त्यांनी गप्पांची नोंद उघडली. ढगोबा तीन आठवड्यांपूर्वी आला होता. 'मी पण तिसरीत,' त्याने क्लबातल्या सर्वांत धाकट्या मुलीला लिहिलं होतं. 'घरी कोण असतं?'

'आजोबा. ते झोपतात.'

'मस्त. तुझा फोटो पाठव. कुणाला सांगू नकोस.'

बाईंनी नोंद खाली सरकवली. त्याखाली धाकटीचं उत्तर नव्हतं. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा एकच शब्द होता, साऱ्यांसाठी: 'दगड.'

त्यानंतर दहा मुलांनी दगड आणून ढगोबाभोवती रचले होते आणि अकरावी, ती शेजारीण, धाकटीला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. पुढे तीन आठवडे ढगोबा एकटाच बोलत होता. 'दार कुठाय?' 'अरे, गंमत पुरे.' 'कुणी आहे का?'

शेजारी बसणारी ती मुलगी बाईंची सख्खी भाची. पाचवीतली. क्लबात 'मावशी' म्हणायची तिला सक्त बंदी होती.

"फोटो पाठवला का हिने?"

"नाही बाई. मी तिचा हात धरला."

"आणि हा आत आला कसा? क्रमांक कुणी सांगितला? खरं सांगा, मी रागावणार नाही," बाई रागावून म्हणाल्या.

भाचीने भिंतीकडे बोट केलं. नियम पहिला: 'क्लबचा सांकेतिक क्रमांक ४४७१९ हा कोणालाही सांगू नये.' त्याच नियमावलीखाली मुलांना ओळीने उभं करून महिन्यापूर्वी एक फोटो काढला होता. साहेबांनी तो ग्रंथालयाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला होता. फोटो छान आला होता. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. काढला बाईंनीच होता.

बाई खुर्चीत बसल्या. मग माणूस अशा वेळी करतो तेच त्यांनी केलं. दुसऱ्यांची चूक शोधली.

"तीन आठवडे. बारा जण. एकालाही मला सांगावंसं वाटलं नाही? मी काय वाघ आहे?"

"नियम नववा," धाकटी म्हणाली. तिला तो पाठ होता. "'अनोळखी व्यक्तीशी बोलल्याचे आढळल्यास क्लब तात्काळ बंद करण्यात येईल.' मी बोलले ना. माझ्यामुळे सगळ्यांचा बंद झाला असता." तिचे डोळे भरले होते. चौदा नियम लिहिल्यापासून ते कुणीतरी वाचावेत अशी बाईंची फार इच्छा होती.

त्यांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला आणि तसाच ठेवला. डोळ्यांपुढे मोडक्या खुर्च्या आल्या. फोटो कुणी काढला, हे विचारणारे साहेब आले. प्रमाणपत्रवाले बाबा आले. ढगोबाला हाकलून द्यायला एक मिनिट पुरणार होतं. क्रमांक बदलायला दुसरं. नियमावली खाली उतरवायला तिसरं. पाचला पालक येतील तेव्हा सगळं जागच्या जागी असेल.

"हे बघा," बाई शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाल्या, "त्याला मी आत्ता काढून टाकते. कुणीही घाबरायचं नाही. फक्त ही गोष्ट आपल्या आपल्यातच ठेवायची. कुणाला सांगायचं नाही."

बारा माना पडद्याकडे वळल्या. नोंद अजून उघडीच होती.

"मावशी," भाची हळूच म्हणाली, "त्यानंही हेच लिहिलंय."

इथे बाई म्हणायचं, हे तिला सांगायचं राहूनच गेलं. बाई पोलिसांचा नंबर लावत होत्या.