गारपीटचे हातमोजे

‘धडक पाच’ या कॉमिकच्या मुखपृष्ठावर चार वीर हात पाठीमागे बांधून उभे असतात आणि पाचवी, गारपीट, एकटीच हातमोजे घालून. चाळीस अंकांची परीक्षणं मी लिहिली आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच प्रश्न विचारला, "गारपीट हातमोजे का घालते? लेखकाला तरी ठाऊक आहे का?" हळूहळू वाचकही तेच विचारू लागले. लेखक म्हणजे माझा सख्खा भाऊ. मुलाखतींत तो गूढ हसून म्हणायचा, "शेवटच्या अंकात कळेल."

शेवटचा अंक लिहायला घेतला तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"छळ पुरे झाला गं. सांग आता, का घालते?"

"मला काय विचारतोस, दादा? तुला ते पाचही जण स्वप्नात दिसले होते ना?"

"तुझ्या वहीतून पाच चित्रं उतरवली, त्याचा डूख किती वर्षं धरशील? ती वही कधीच रद्दीत गेली."

मी चहा गाळायला वळले. मग त्याने स्वतःच कारण रचलं. गारपीटच्या तळहातांत म्हणे मेलेल्या ताऱ्याची आग कोंडलेली आहे. त्यावर बारा पानं खर्च केली. वाचक ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी माझं परीक्षण आलं. वर वहीचं पान, माझ्या नाव-इयत्तेसकट. खाली एवढंच:

"सहावीत मला बोटं काढता यायची नाहीत. म्हणून चौघांचे हात पाठीमागे लपवले आणि गारपीटला हातमोजे चढवले."