वरच्यांचं आवतन

अंकुशचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं, तेव्हा बुधरी पोळ्याच्या सणाचे तांदूळ पाखडत होती. तीन वर्षांत पोरगा वाकायचं विसरला होता.

"तिथी दारं उंच आहेत, माय," तो कपाळ चोळत म्हणाला. "उभा साग जाईन आतमंदी."

बुधरीनं सूप टाकलं आणि त्याला मिठी मारली. नवा सदरा, अंगाला ताज्या तेलाचा वास. मानेच्या खाली काहीतरी टणक हाताला लागलं.

"हे काय रे?"

"लाकडं वाहून वाहून झालं," तो म्हणाला, आणि हळूच बाजूला सरकला.

तीन वर्षांमागं तेंदूपत्त्याच्या दिवसांत तो गावातल्या झिंगूच्या पत्रूसोबत डोंगरावर गेला, ते दोघंही आलेच नव्हते. गावानं दोन दिवस जंगल धुंडाळलं. तिसऱ्या सकाळी बुधरीच्या अंगणात मधाचं पोळं पडलेलं होतं, गाडीच्या चाकाएवढं. मग शोध थांबला. वरच्या लोकांनी ठेवून घेतलं, एवढंच म्हातारे बोलले. वरच्यांना गावात कुणी पाहिलं नव्हतं. रोज सांजेला डोंगरावरून एक आवाज मात्र यायचा, जात्यासारखा घुमणारा. त्यातला शब्द कुणाला कधी लागला नाही.

"मारतेत काय रे ते?" तिनं विचारलं.

"त्यायच्या हातात काठीच नसते. गाणं म्हणतेत. नदीवर नेऊन आंघोळ घालतेत."

"अन् जेवाले?"

"आधी आमाले. आमचं झाल्याबिगर त्यायच्या घरात कोणी घास तोडत नाई." अंकुशनं आपला तळहात पुढं धरला. "पयल्या दिवशी तळहातावर मीठ धरलं होतं त्यायनं. एक तळहात म्हणजे आपलं खळं. मी चाटलं."

धाकटा विनोद खाटेवर हसत सुटला. "दादा, तू तं साराच येडा झाला."

अंकुश हसला नाही. वरच्यांना घाई नसते, तो सांगत होता. एकानं सकाळी विचारलं, बरं आहे काय, तर दुसरा दुपारी म्हणतो, आहे. त्यांच्यात कुणी मेलं की उभं पुरतात, डोकं तेवढं मातीवर ठेवतात.

"आपल्याले वाटते, गोटा आहे."

सरपणाची मोळी टेकवायला डोंगराच्या वाटेवर जो गुळगुळीत गोटा होता, तो बुधरीला आठवला. तिनं पदर सावरला.

गोठ्यातून कबऱ्या हंबरला. त्याचा जोडीदार मोऱ्या उन्हाळ्यात गेला, तेव्हापासून तो एकटाच होता. चालताना अजूनही उजवीकडं एका बैलाची जागा सोडायचा.

"जोड पाहून राह्यले त्याच्यासाठी," बुधरी म्हणाली. "उंचीत बसत नाई एकबी."

"उंची सारखी पाह्यजे," अंकुश म्हणाला. "अन् एका मायचे असले तं लवकर जुळतेत."

"तुयासंगं तो झिंगूचा पत्रू होता न?"

"होता. पाय मोडला त्याचा."

"मंग?"

अंकुश गोठ्याकडं पाहत राहिला. "लई रडले ते. तीन दिवस काम बंद ठेवलं."

"एवढी माया?"

"माया लई करतेत, माय."

बुधरीची नजर खुंटीवरच्या पिशवीकडं गेली. पोळा झाला की विनोद गोंडपिपरीहून बस धरणार होता, तेलंगणात एका कंपनीत कामाला. मागच्या साली गावातल्या डोमाचा पोरगा तिकडंच गेला होता. त्याचं मढं गाडीतून आलं, चादरीत बांधलेलं. कसा मेला, ते कुणी सांगितलं नाही. ती पिशवी पाहिली की बुधरी ताट सारून उठायची.

"विन्या, इकडं ये," अंकुश म्हणाला. "असा उभा राय. सपाट जागेवर."

दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून अंगणात उभे राहिले. अंकुशनं मान खाली घातली होती. "बराबर आहे काय, माय?"

बुधरीला हसू आलं. लहानपणीही दोघे असेच मोजून घ्यायचे. "दोन बोटं कमी आहे तो."

"चालते. वाढीन अजून." मग तो म्हणाला, "उद्या वर मोठं जेवण आहे. यालेबी आवतन देलं त्यायनं. आवडला तं कामबी तिथीच. पन अंधाराच्या आत पोचा लागते."

"मोबाइलले टावर आहे काय तिथी?" विनोदनं विचारलं.

"नाई."

"अन् सुट्टी?"

"सालातून दोन दिवस. आजचा अन् उद्याचा. घरी सोडलं ते यंदा पयल्यांदा."

विनोदनं आईकडं पाहिलं. "माय, तू सांग."

बुधरी उठली. तिनंच पिशवी खुंटीवरून काढली आणि विनोदच्या हातात दिली. "जाय. भावासंगं जाय. तिथी कोणी मारत तं नाई."

अंगणाबाहेर पडताच अंकुशनं विनोदला हाताला धरून बाजू बदलायला लावली. "तू उजवीकडून चाल."

"काऊन? इकडचा रस्ता तुया बापाचा आहे काय?"

"तुया बापाचाच."

विनोद खिदळला. तळ्याच्या पाळीवरून दोघे निघाले. थोडं पुढं गेल्यावर त्यांची पावलं एका ठेक्यात पडू लागली. बुधरी कपाळाशी हात आडवा धरून पाहत राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिचा जीव थंड झाला होता. एक गेला होता, तो सुखात निघाला. दुसरा मरणाच्या वाटेवरून मागं फिरला.

ते झाडीत दिसेनासे झाले. दिवस बुडाला, आणि डोंगरावरचा तो आवाज घुमू लागला.

बुधरीनं लोणी आणि हळदीची वाटी घेतली. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचा खांदा मळायचा, सालभर जू ओढलेल्या जिवाला उद्याच्या जेवणाला बोलवायचं, ही तिच्या सासूची शिकवण. तिनं कबऱ्याच्या गळ्याला हात घातला. "आज आवतन घे, राजा," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "उद्या जेवाले ये."

लोण्याचा हात मानेवरून खाली सरकला, जू बसतं तिथं आला, आणि थांबला. दुपारी नव्या सदऱ्याखाली तिच्या हाताला लागली होती, ती हीच गाठ.