चौथा ठोका

सुनेचा केक काही केल्या सासूबाईंसारखा होईना. नेटवर एका कपाला एकशेवीस ग्रॅम मैदा सांगितला होता. ती तेवढाच तोलून घ्यायची, तरी केक मधोमध बसायचा. घरचे "छान झालाय" म्हणायचे आणि दुसरा तुकडा कुणी मागायचं नाही.

शेवटी तिने सासूबाईंचा रिकामा कप काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला. "आई, आता तुम्ही भरा. मी नुसती बघते."

सासूबाईंनी कप भरून ओट्यावर आपटला. मैदा खाली बसला, तेवढा वरून भरला. पुन्हा आपटला, पुन्हा भरला. मग तिसऱ्यांदाही तेच. काट्याने एकशेपन्नास दाखवले.

"अहो, तीनदा कशाला आपटता?"

"मुलं लहान असताना कप आपटायला नुसती मारामारी व्हायची. मग मीच ठरवून दिलं. एक ठोका थोरलीचा, एक मधल्याचा, एक तुझ्या नवऱ्याचा. पोरं मोठी झाली, पण माझ्या हाताची सवय जाईल तर शपथ."

"म्हणजे एकशेपन्नास!" सुनेने आकडा लिहायला मोबाइल उचलला.

"थांब." सासूबाईंनी भरलेला कप तिच्या हातात दिला. "हं, आपट."

"अहो आई, मैदा जास्त होईल. केक घट्ट होईल."

"होऊ दे जरा घट्ट. तुझा ठोका राहूनच गेला होता."

सुनेने कप आपटला, वरून मैदा भरला आणि काट्यावर ठेवला. एकशेपंचावन्न. तिने तोच आकडा लिहून घेतला.